ज्याला गाऱ्हाणें घालतां येत नाहीं असा पक्षकार



नागपूरचें स्टेशन आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. हावड्याहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग यांची येथें गांठ पडते, हें आपण शाळेंत असतांनाच पाठ केलेलें असतें. आणि १९२५ सालीं उघडलेली ती दगडी इमारत परगांवच्या पाहुण्याला आपण थोड्याशा अभिमानानें दाखवितोंहि. परंतु जेथें चारी दिशांच्या गाड्या भेटतात तेथें चारी दिशांचीं माणसें उतरतात, आणि त्या गर्दींत अधूनमधून असें एखादें मूल असतें कीं ज्याच्याबरोबर वडीलधारें कोणी नसतें. किंवा जें असतें, तें त्याचें कोणी नसतें. अशा मुलांना कायद्याची मदत मोफत मिळावी अशी आपल्याकडे व्यवस्था आहे. ती मदत खरोखर मिळते कीं नाहीं हें कोणी पाहावयाचें आणि कसें पाहावयाचें, एवढ्याच प्रश्नाविषयीं मी आज बोलणार आहें.

विषय रुक्ष वाटेल. देखरेख, नोंदवह्या, अहवाल हे शब्द कानीं पडतांच रेडिओचा कान पिळण्याचा मोह कोणालाहि होईल. तरी घटकाभर थांबावें अशी विनंति आहे. हीं मुलें थोडींथोडकीं नाहींत. रेल्वे संरक्षण दलानें २०१८ पासून मे २०२४ पर्यंत देशभरांतील स्टेशनांतून व गाड्यांतून ८४,००० हून अधिक मुलांची सुटका केली, असें सरकारनेंच प्रसिद्ध केलें आहे. त्यांत रागावून घर सोडलेलीं आहेत, चुकलेलीं आहेत, आणि कामासाठीं नेलीं जात असलेलींहि आहेत.

प्रथम व्यवस्था काय आहे तें सांगतों. कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. मुंबई इलाख्यानें १९२४ सालीं मुलांसाठीं वेगळा कायदा केला, आणि नागपूर ज्याची राजधानी होती त्या मध्यप्रांतानें १९२८ सालीं. आज देशभर २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. त्याप्रमाणें एकटें सांपडलेलें मूल, प्रवासाचा वेळ सोडून, चोवीस तासांच्या आंत बालकल्याण समितीपुढें आणावें लागतें. या समितींत एक अध्यक्ष व चार सदस्य असतात, आणि त्यांत निदान एक स्त्री असावी लागते. सामाजिक चौकशी पंधरा दिवसांत आणि अंतिम आदेश चार महिन्यांत, अशी मुदत आहे. मुलाला योग्य ती कायद्याची सेवा मिळवून देणें हें समितीच्या कर्तव्यांत स्पष्ट लिहिलेलें आहे. शिवाय १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमानें प्रत्येक बालक मोफत मदतीला पात्र ठरतें. त्याच्या बापाच्या उत्पन्नाचा दाखला मागण्याची सोय कोणाला ठेवलेली नाहीं.

ही लहान गोष्ट नव्हे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत सरहद्द ओलांडून एकटीं आलेल्या मुलांना वकील मिळावा म्हणून २००८ चा कायदा आहे. पण त्यांतील शब्द 'शक्य असेल तितपत' अशा अर्थाचे आहेत. मार्च २०२५ मध्यें तेथील सरकारनें या मदतीचा मोठा करार बंद केला, तेव्हां सुमारें २६,००० मुलांचे वकील जाण्याची वेळ आली, आणि एप्रिलमध्यें न्यायालयाला मध्यें पडून ती मदत तूर्त चालू ठेवावी लागली. आपल्या कायद्यांत 'शक्य असेल तितपत' नाहीं. आपल्याकडे अडचण निराळीच आहे, आणि ती मला दुसऱ्या कोणाच्या नव्हे, तर माझ्याच चुकीमुळें समजली.

कांहीं वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां एका जिल्ह्यांत मोफत मदत देणाऱ्या वकिलांच्या यादींत होतों. जिल्हा कोणता तें सांगत नाहीं, कारण दोष जिल्ह्याचा नव्हता. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा स्टेशनवर सांपडला होता. तो बस्तरकडचा, दक्षिणेंत विंधनविहिरी खणणाऱ्या गाड्यांवर कामाला जाणाऱ्या माणसांबरोबर निघाला आणि वाटेंत चुकला, असें कागदावर होतें. त्याची भाषा गोंडी. मीं त्याला हिंदींत विचारलें, घरीं जायचें आहे ना? तो म्हणाला, हां. कोणी मारलें-बिरलें नाहीं ना? हां. हे मामा न्यायला आले आहेत, त्यांच्याबरोबर जाशील ना? हां. तीन प्रश्नांना एकच उत्तर मिळालें तेव्हांच मला कळावयास हवें होतें कीं त्याला माझा एकहि प्रश्न समजलेला नाहीं. परंतु त्या दिवशीं माझीं दुसरीं चार प्रकरणें होतीं. 'विधि साहाय्य दिलें काय?' या रकान्यांत 'होय' असें लिहून मीं खालीं सही केली.

चार महिन्यांनीं तोच मुलगा त्याच फलाटावर पुन्हां सांपडला. या वेळीं पोस्टांत नोकरी करणारे एक गोंडी बोलणारे गृहस्थ सुदैवानें भेटले. तासाभरांत सर्व उलगडा झाला. ते मामा म्हणजे मजूर पुरविणारा मुकादम होता, आणि मुलाची दोन महिन्यांची मजुरीहि त्याच्यापाशींच राहिली होती.

मधल्या काळांत ती नोंदवही दोनदां तपासली गेली होती. दोन्ही वेळां ती बिनचूक ठरली.

असें कां व्हावें? पैसे मोजून वकील करणारा पक्षकार वकिलानें हयगय केली तर दुसऱ्या दिवशीं दुसरा वकील गांठतो. मोफत मदत घेणारा गरीब मनुष्य तितकें करूं शकत नाहीं, पण तो प्राधिकरणाच्या कचेरींत जाऊन बसतो, न्यायाधीशापुढें हात जोडून उभा राहतो, निदान बाहेरच्या चहाच्या टपरीवर चार लोकांना सांगतो. एकट्या मुलाला यांतलें कांहींच साधत नाहीं. आपल्याला वकील दिलेला आहे हेंच त्याला पुष्कळदां ठाऊक नसतें. तक्रार करणारा बाप येथें नाहीं, आई नाहीं; ज्या समितीपुढें प्रकरण चालतें तेथें विरुद्ध पक्षहि नाहीं, कीं जो वकिलाची चूक दाखवून देईल. मुलाचें नांव-गांव उघड करण्यास कायद्याच्या ७४ व्या कलमानें बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण त्याच पडद्याआड वकिलाचा आळसहि सुखानें लपून राहतो. दुसऱ्या कामांत देखरेख ही तक्रारीला जोड म्हणून असते. येथें तक्रारीची सबंध जागा देखरेखीलाच भरून काढावी लागते.

आतां देखरेखीची योजना नाहीं असें मुळींच नाहीं. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांप्रमाणें विधि सेवा संस्थांनीं देखरेख समित्या नेमावयाच्या असतात. यादींतील वकिलाकडून अहवाल मागवावेत, प्रकरणाच्या तारखा, प्रगति व शेवट यांची नोंदवही ठेवावी, असें त्यांचें काम आहे. पण ही नोंदवही आंखली आहे ती न्यायालयांतील दाव्यांच्या बेतानें. दावा जिंकला कीं हरला हें तिच्यांत लिहितां येतें. मूल योग्य माणसाच्या हातीं गेलें कीं नाहीं, हें कोणत्या रकान्यांत बसावयाचें?

मुलांच्या वसतिगृहांची तपासणी करणारी मंडळीहि वेगळी आहेत. कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें निदान तिघांच्या पथकानें दर तीन महिन्यांत एकदां तरी भेट दिली पाहिजे, आठवड्याच्या आंत अहवाल दिला पाहिजे, आणि त्यावर महिन्याभरांत कारवाई झाली पाहिजे. पथकांत एक स्त्री हवी व एक वैद्यकीय अधिकारी हवा. वकील हवाच असें त्या कलमांत म्हटलेलें नाहीं. म्हणून वरण पातळ आहे काय, गाद्या पुरेशा आहेत काय, संडासाला कडी आहे काय, हें पाहिलें जातें, आणि तें पाहिलेंच पाहिजे. पण तुझा वकील कोण आणि तो तुझ्याशीं काय बोलला, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. समिती स्वतः दर तीन महिन्यांनीं किती प्रकरणें निकालीं निघालीं व किती राहिलीं याचा अहवाल जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे पाठविते. या हिशेबांत माझ्या बस्तरच्या मुलाचें प्रकरण फारच चांगलें दिसलें असेल, कारण तें तीन दिवसांत निकालीं निघालें होतें!

मला वाटतें, तपासणाऱ्यानें 'मदत दिली काय' हा प्रश्न सोडूनच द्यावा. त्याला 'होय' याखेरीज उत्तर येत नाहीं. त्याऐवजीं वकील मुलाला भेटला तो आदेशाच्या आधीं कीं नंतर, आणि कोणत्या भाषेंत बोलला, हें विचारावें. दुभाष्या होता तर त्याची सही कोठें आहे? न्यावयास आलेल्या माणसाचें नातें मुलानें सांगितलें, कीं त्या माणसानेंच? आणि मूल काम करून आलेलें असेल तर त्याच्या मजुरीचें काय झालें? या शेवटच्या प्रश्नाकडे फारच दुर्लक्ष होतें. मूल घरीं पोंचविलें म्हणजे सर्व साधलें असें आपण मानतों. पण मूल वेठबिगारींत राबलें असेल तर १९७६ च्या कायद्याप्रमाणें त्याच्या मुक्ततेचा दाखला मागावयाचा असतो. आणि १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घातक धंद्यांत बालमजूर ठेवणाऱ्या मालकाकडून दर मुलामागें वीस हजार रुपये मुलाच्या कल्याणासाठीं वसूल करण्याचा दंडक घातला आहे. हें सर्व मागावयाचें कोणी? मुलगा तर मागणार नाहीं. रिकाम्या हातानें घरीं परतलेला मुलगा पुढच्या हंगामांत पुन्हां गाडींत बसतो. त्याला कोणी पळवून न्यावें लागत नाहीं.

याची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहीं तर मी प्रत्येक मामाला मुकादम ठरवितों असें वाटावयाचें. ३० मे २०२३ रोजीं दानापूर-पुणें गाडींतून बिहारची ५९ मुलें भुसावळ व मनमाड येथें उतरविण्यांत आलीं. बरोबरच्या पांच इसमांवर मुलांच्या अवैध व्यापाराचा गुन्हा दाखल झाला. मुलें जळगांव व नाशिक येथील वसतिगृहांत बारा दिवस राहिलीं. तीं मदरशांत शिकावयास चाललीं होतीं, असें बरोबरचीं माणसें पहिल्यापासून सांगत होतीं. आणि मार्च २०२४ मध्यें हें प्रकरण गैरसमजुतीचें होतें असें ठरवून लोहमार्ग पोलिसांनीं तें बंद केलें. शंका घेणाऱ्यांना मी दोष देत नाहीं. एवढीं मुलें एका डब्यांत पाहिल्यावर विचारपूस न करणें हाच दोष झाला असता. पण बारा दिवस आठ-दहा वर्षांच्या मुलाला फार मोठे असतात. अशा वेळीं केवळ मुलाचा असा एक मनुष्य पहिल्या दिवशींच हवा, कीं जो पकडणाऱ्याचाहि नव्हे आणि नेणाऱ्याचाहि नव्हे. ज्यानें त्याच संध्याकाळीं घरच्यांशीं बोलणें करून द्यावें, कागद मागवावेत, आणि रोज सकाळीं विचारावें कीं आज या मुलाला येथें ठेवण्याचें कारण काय. मुलाचा वकील हा मुलाला सोडविण्यासाठीं असतो किंवा अडकविण्यासाठीं असतो, असें धरून चालणें दोन्हीकडून चूक आहे. देखरेख करणाऱ्यानें या रोजच्या प्रश्नाचें उत्तर कागदावर शोधावें.

आणखी एक भोक आहे, आणि नागपूरसारख्या जंक्शनच्या गांवीं तें मोठें पडतें. मूल परप्रांतींचें असेल तर ९५ व्या कलमाप्रमाणें त्याला त्याच्या भागांतील समितीकडे, कागदपत्रांसह, सोबतीनें पोंचवावयाचें असतें. येथवर ठीक. पण ज्या दिवशीं मूल येथून गाडींत बसलें त्या दिवशीं येथल्या वकिलाचें काम संपलें, आणि तिकडच्या वकिलाचें अजून सुरू व्हावयाचें असतें. कधीं कधीं तें सुरू होतच नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें ९ फेब्रुवारी २०१८ च्या निकालांत प्रत्येक उच्च न्यायालयानें आपण होऊन या कायद्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवावें असें सुचविलें आहे. पण उच्च न्यायालयांच्या हद्दीहि प्रांतांच्याच हद्दीनें जातात, आणि मुलाची वाट त्या हद्दी ओलांडून जाते. साधा उपाय एवढाच दिसतो कीं, तिकडच्या वकिलाची पोंच येईपर्यंत इकडच्या वहींत तें प्रकरण उघडेंच ठेवावें. त्यानें राहिलेल्या प्रकरणांचा आंकडा फुगेल, आणि आंकडा फुगलेला कोणत्याच कचेरीला आवडत नाहीं, हें मी जाणून आहें.

आतां शेवटीं एक विनंति, आणि ती आपल्यापैकीं थोड्यांनाच आहे. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श नियमांत मुलांसाठीं दुभाष्याची सोय सांगितलेली आहे. दुभाषे मात्र नियमांतून निघत नाहींत. ते घरांतून यावे लागतात. नागपुरांत उडिया, तेलुगु, बंगाली, छत्तीसगढी बोलणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत, आणि गोंडी तर या भागाचीच भाषा आहे. यांपैकीं एखादी भाषा ज्यांच्या घरांत बोलली जाते अशा कोणी हें भाषण ऐकलें असेल, तर त्यांनीं जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे किंवा जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे एक अर्ज करून आपलें नांव कळवावें. अर्जांत वय, पत्ता आणि भाषा लिहावी. रात्रीं बोलावल्यास येतां येईल कीं नाहीं, हेंहि लिहावें, कारण कांहीं गाड्या रात्रीं येतात.