गोळी घेतली, पण वाट बंद केली का?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं बोलणं)



बचतीचा हिशोब झाला, कर्जाच्या मागण्या झाल्या. आता दहा मिनिटं मला द्या. विषय जरा लाजेचा आहे, पोटातल्या जंतांचा. पण आपल्या किनाऱ्यावरच्या वाड्यांमध्ये हा विषय घराघरात आहे, म्हणून सगळ्यांसमोर बोलायला हवा.

जंत कशाने होतात असं मी वाडीत विचारते, तेव्हा उत्तरं ठरलेली असतात. "पोरगं गूळ खातं." "गोड फार झालं." कोणी म्हणतं, "मासळीतून येतात." गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. मासळीच्या पोटात कधी कधी पांढरे किडे दिसतात हे खरं, पण आपण मासळी नीट शिजवून, तळून खातो, त्यात ते मरतात. मुलांच्या पोटात जे जंत होतात ते वेगळे. ते माणसाच्या शौचातून मातीत येतात आणि मातीतून परत माणसात जातात. त्यांच्या वाटा दोन आहेत.

पहिली वाट तोंडाची. गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. ती शौचातून मातीत पडतात आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. मग खेळणाऱ्या मुलाच्या नखांत, न धुतलेल्या भाजीवर, तिथून तोंडात.

दुसरी वाट पायाची. अंकुशकृमी, ज्याला डॉक्टर हुकवर्म म्हणतात, त्याची अळी ओलसर वाळूत वाढते आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. तोंडात काही जायची गरजच नाही.

आता आपल्या किनाऱ्याचं बघा. आपण म्हणतो, भरती आली की सगळं धुऊन जातं. पण माणसं बसतात कुठे? आडोशाला. सुरूच्या बनात, माडांच्या खाली. तिथवर भरती पोचत नाही. तिथे सावली, ओल आणि ऊब तिन्ही असतात आणि या अळीला नेमकं तेच लागतं. त्याच वाटेने आपण डोक्यावर पाटी घेऊन अनवाणी जातो. तिथेच बाजूला सुकट वाळत घालतो आणि ती परतायला दिवसातून चार वेळा वाळूत फिरतो.

हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. जातीप्रमाणे एक जंत रोज अर्ध्या थेंबापासून तीन-चार थेंबांपर्यंत. एकाने काही होत नाही, पण पोटात शंभर असले तर? बाईच्या अंगावरून महिन्याला जातंच, बाळंतपणं झालेली असतात, ताटात शेवटचं उरलेलं येतं. त्यात ही गळती. मग पाटी उचलताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि घरात म्हणतात, ही आळशी झाली. ती आळशी नसते, तिच्या अंगात रक्त नसतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणी ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजा. प्रत्येकीचं रक्त जंतांनीच कमी होतं असं नाही. पण जंत असतील तर लोहाच्या गोळ्या घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणं.

यावर औषध सोपं आहे. २०१५ पासून सरकारचा जंतनाशक दिन असतो, साधारण १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला. दिवस कधी मागेपुढे होतो, आशाताईंना विचारून ठेवा. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून पाण्यातून. मोठ्यांनी चावून खायची. एखाद्याला मळमळतं, पोटात दुखतं, पण ते थोड्या वेळाने थांबतं. तेवढ्यावरून "गोळीने पोरगं आजारी पडलं" असं वाडीभर करू नका. मूल त्या दिवशी आजारी असेल तर देऊ नका, राहिलेल्यांसाठी नंतर पुन्हा दिवस असतो. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घ्यायची नाही, पुढे नर्सताई सांगतील तशी. आपल्यापैकी कोणाला थकवा, धाप असेल तर आरोग्य केंद्रात रक्त आणि शौच तपासून घ्या.

पण एक मावशी मला म्हणाल्या, "दरवेळी गोळी देतो गं, तरी परत होतात." बरोबर आहे त्यांचं. गोळी पोटातले जंत मारते. बाहेरची वाट ती बंद करत नाही. ती आपल्यालाच बंद करायला लागेल.

घरात करायच्या गोष्टी चार. शौचाहून आल्यावर आणि जेवण वाढण्याआधी साबणाने हात. मुलांची नखं दर आठवड्याला. वाळूत जाताना, सुकट परतताना पायात चप्पल. आणि बाळाची शी उकिरड्यावर न टाकता संडासात.

ज्यांच्याकडे संडास नाही, त्या पात्र कुटुंबांना स्वच्छ भारत मिशनमधून १२,००० रुपये मिळतात. वर लागतील ते पैसे गटाच्या कर्जातून देता येतील. मात्र आपल्याकडे पाणी वर असतं, म्हणून खड्डा कुठे आणि किती खोल हे अभियंत्याला विचारल्याशिवाय खणू नका, नाहीतर घाण विहिरीत उतरेल.

शेवटचं, जेटीबद्दल. पहाटे लिलावाला आपण तिथे तास-तास उभ्या असतो. खलाशीही असतात. संडास नाही. पुरुष सुरूत जातात, आपण पाणीच पीत नाही. घरोघरी संडास झाले तरी जेटीवर नसेल तर वाळू तशीच घाण राहणार. सामुदायिक शौचालयाची तरतूद सरकारच्या योजनेत आहे, मागायला हवं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा ठराव आपण मांडू. नुसतं बांधून द्या असं म्हणायचं नाही. पाणी कुठून येणार, साफसफाई कोण करणार, पैसे कुठून, हेही ठरावात लिहायचं. नाहीतर सहा महिन्यांत कुलूप लागेल.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने दोन गोष्टी लिहून आणा. गटातल्या किती घरांत संडास नाही आणि किती मुलांची गोळी राहिली. तो कागद हातात असला की महिला सभेत आपलं बोलणं कोणाला टाळता येणार नाही.