दोरा सुटला, आता बाळाला शिकू द्या


पांढुर्णा आणि सौंसरच्या आयाबहिणींनो, आज बोलू जिभेखालच्या दोऱ्याबद्दल.

काही बाळांचा हा दोरा आखूड असतो.
जीभ पुढे येत नाही.
बाळ स्तनाग्रच चावतं, आई कळवळते.
दोष आईच्या दुधाचा नसतो!

मग डॉक्टर तो दोरा सोडवतात.
काम काही क्षणांचं असतं.
घरी नखानं किंवा ब्लेडनं मात्र कधीच नाही.

त्यानंतर लगेच बाळाला अंगावर घ्या.
पाजल्यानं बाळ शांत होतं.

काही बाळं त्याच दिवशी नीट ओढतात.
काहींना दिवस लागतात.
जीभ मोकळी झाली, पण सवय जुनीच आहे ना!
म्हणून धीर धरा, पाजत राहा.

बाळाचं पोट आईच्या पोटाला लागू द्या.
तोंड मोठं उघडलं, की जवळ ओढा.
स्तनाग्राभोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ द्या.
तरी जमलं नाही, तर दूध काढून वाटी-चमच्यानं पाजा.

जिभेखाली पांढरट डाग दिसेल.
बहुधा तो पू नसतो, जखम भरत असते.
सासूबाई, त्यावर मध किंवा हळद नको हं.
घुट्टीही नको.

रक्त थांबत नसेल, ताप आला, बाळ पीत नसेल किंवा लघवी कमी झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

आशाताई घरी आल्या, की त्यांच्यासमोरच बाळाला पाजा.
पकड बरोबर आहे का, ते त्यांना बघू द्या.