घंटा कोणासाठी वाजवायची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी मोबाइल ॲप तयार करण्याचे काम आपल्या काही तरुण कॉम्रेड्सनी हाती घेतले आहे. त्याविषयी बोलण्यापूर्वी एक आकडा सांगितला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दररोज सुमारे ९०. पाळी संपवून महामार्ग ओलांडणारा कामगार, पहाटे धुण्याभांड्याला निघालेली बाई, शाळेची पोरे, अशांचाच पायी चालणाऱ्यांत मोठा भरणा असतो.

मला दाखविलेल्या पहिल्या आराखड्यात, फोनकडे पाहत चालणारा माणूस रस्त्यावर उतरला की घंटा वाजून त्याला सावध करायचे, अशी योजना होती. हेतू चांगला, पण पाया कच्चा. उपग्रहाच्या आधारे फोन आपले ठिकाण ओळखतो त्यात मोकळ्या जागीही काही मीटरांची चूक राहते. उंच इमारतींमध्ये ती वाढते. पदपथ आणि रस्ता यांत अंतर असते एका पावलाचे! दहा वेळा खोटी वाजलेली घंटा अकराव्या वेळी कोण ऐकणार? शिवाय ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे येते. आणि या घंटेमागचा विचार तर अधिकच आक्षेपार्ह आहे: जो मेला, त्याचेच लक्ष नव्हते!

म्हणून माझे म्हणणे असे की, ॲपने पादचाऱ्यावर नव्हे, रस्त्यावर नजर ठेवावी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूत्रांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, त्याची उंची १५० मिलिमीटरहून अधिक नसावी. आपल्या वस्तीतला पदपथ मोजा, उघड्या गटाराचे व पुसलेल्या पट्ट्यांचे छायाचित्र तारखेसह नोंदवा. सिग्नलचे सेकंदही मोजा. २४ मीटर रुंद रस्ता सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस २० सेकंदांत ओलांडतो, ०.८ मीटर चालणाऱ्या म्हातारीला ३० लागतात. सिग्नल २० सेकंदांचा असेल, तर ती आठ मीटर अलीकडेच अडकते. हा हिशेब साधा फोनही करू शकतो.

या नोंदींचा उपयोग काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९८अ नुसार, रस्त्याच्या रचनेचे मानदंड न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आल्यास जबाबदार अधिकारी संस्था, ठेकेदार किंवा सल्लागार यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या कलम २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ या उत्तराला तारखेची नोंद हाच तोड आहे.

दोन बाबतींत मात्र सावध राहिले पाहिजे. पदपथ मोकळा करण्याच्या नावाखाली फेरीवाल्यांवर हातोडा पडतो आणि उभ्या मोटारी तशाच राहतात. २०१४ च्या कायद्याने फेरीवाल्यांना संरक्षण दिले आहे. आपली छायाचित्रे त्यांच्या विरोधात वापरली जाता कामा नयेत. दुसरे, कोण कुठून कुठे चालत गेला याची नोंद फोनबाहेर जाऊ देऊ नका. युनियनच्या सभेला जाणाऱ्याची वाट मालकाला कळायला तेवढे पुरे होते.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घराजवळच्या एका सिग्नलचे सेकंद आणि रस्त्याची रुंदी मोजून आणावी. ॲप तयार नसले तरी चालेल. घड्याळ आणि दोरी घ्या.