रमला का, आणि शिकला का?



मुलगा शिकायला परगावी गेला, की सुटीत घरी आल्यावर आपण त्याला दोन प्रश्न विचारतो. पहिला, "काय रे, बरं चाललंय ना?" आणि दुसरा, "मग, काय शिकलास?" पहिल्याचे उत्तर तत्काळ मिळते. दुसऱ्याला तो जरा घुटमळतो. घरात आपण हे दोन प्रश्न वेगळे ठेवतो. शिक्षणसंस्थांचे मोजमाप करायला बसलो, की मात्र त्यांची गल्लत होते. विद्यार्थी खूश आहेत, म्हणजे ते शिकलेच असणार, असे आपण धरून चालतो. आज या गल्लतीविषयीच आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

उदाहरणासाठी मी कम्युनिटी कॉलेज घेतो. आपल्या भाषेत सांगायचे, तर पंचक्रोशीचे कॉलेज. हा प्रकार मूळचा अमेरिकेचा. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अवघ्या सहा विद्यार्थ्यांवर असे एक कॉलेज सुरू झाले. त्या देशातल्या सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांत ते सर्वांत जुने मानतात. पुढे अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने १९४७ च्या अहवालात अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरावे, अशी शिफारस केली. आज तेथे सुमारे एक हजार कम्युनिटी कॉलेजे आहेत. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ साली असे कॉलेज काढले, १९९६ मध्ये चेन्नईत दुसरे निघाले, आणि २०१३ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यासाठी स्वतंत्र योजना आखली.

या कॉलेजांचे वैशिष्ट्य असे, की दार सर्वांना उघडे. अमेरिकेत तेथे निम्म्याहून अधिक विद्यार्थी अर्धवेळ शिकणारे असतात. कुणी दिवसा दुकानात काम करून संध्याकाळी वर्गाला येतो, कुणी बाई मुले मोठी झाल्यावर पुन्हा पाटी हातात घेते. कुणाला दोन वर्षे पुरी करून मोठ्या विद्यापीठात जायचे असते, तर कुणाला नुसते वेल्डिंग शिकून कामाला लागायचे असते. आता मला सांगा, इतक्या निरनिराळ्या माणसांचे शिकणे एकाच मापाने कसे मोजायचे?

आपली नेहमीची रीत म्हणजे वार्षिक परीक्षेचा निकाल. पण समजा, एक मुलगा पस्तीस गुणांची तयारी घेऊन आला आणि पंचावन्नांपर्यंत पोचला. दुसरा पंचाहत्तरांची तयारी घेऊन आला आणि अठ्ठ्याहत्तरांवर थांबला. निकालपत्रात दुसरा वर दिसेल. पण कॉलेजने अधिक शिकवले कुणाला? निवडून विद्यार्थी घेणाऱ्या कॉलेजचा निकाल चांगला लागतो, त्यात नवल नाही. सर्वांना घेणाऱ्या कॉलेजला न्याय द्यायचा, तर पहिल्या दिवशी विद्यार्थी कुठे होता आणि शेवटच्या दिवशी कुठे पोचला, हे दोन्ही टिपून ठेवले पाहिजे. मोजणी पेरणीपासून हवी. खळ्यावरच्या राशीवरून जमिनीचा कस कळत नाही.

शिवाय काय मोजायचे, हे आधी लिहून ठेवायला हवे. विहिरीवरच्या विजेच्या पंपाची दुरुस्ती शिकवण्याचा एक वर्ग आहे असे धरा. त्याच्या माहितीपत्रकात 'विद्युत्‌ दुरुस्तीचे ज्ञान देणे' असा हेतू छापला, तर तो साधला की नाही, हे कुणालाच सांगता यायचे नाही. त्याऐवजी असे लिहा: 'बंद पडलेला पंप खोलून दोष कशात आहे, हे विद्यार्थी स्वतः ओळखील, आणि वीज बंद असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय तारेला हात लावणार नाही.' हे डोळ्यांनी पाहता येते. पंप समोर ठेवा, विद्यार्थ्याला उभे करा, आणि पाहा. त्याला लेखी पेपरात किती गुण पडले, हा प्रश्न मग दुय्यम होतो.

हे झाले शिकण्याचे. मग समाधानाचा प्रश्न विचारायचाच नाही का? अवश्य विचारायचा! आपल्याकडेही नॅकच्या मूल्यमापनात २०१७ पासून विद्यार्थी-समाधानाच्या सर्वेक्षणाला जागा मिळाली. ते योग्यच झाले. एखाद्या मुलीच्या गावची शेवटची एस. टी. साडेपाचला सुटते, आणि प्रात्यक्षिकाचा तास संपतो सहाला. ती रोज तास अर्धा टाकून पळते. निकालात तिच्यापुढे 'प्रात्यक्षिकात कच्ची' एवढेच लिहिले जाईल. खरे कारण तिला विचारल्याखेरीज कळणार नाही. वाचनालय उघडते केव्हा, फी भरायला किती खेपा पडतात, शंका विचारली तर शिक्षक वसकन अंगावर येतात का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, या गोष्टींचा दाखला विद्यार्थ्याइतका दुसरा कोण देणार?

पण याच कागदावर आपण 'हे शिक्षक चांगले शिकवतात का' असे विचारतो आणि आलेल्या गुणांवरून शिक्षकाचे मोल ठरवतो, तिथे पाऊल घसरते. याविषयी अमेरिकेत दोन चांगले अभ्यास झाले आहेत. ते कम्युनिटी कॉलेजांतले नव्हेत, पण शिकणाऱ्याचे मन सगळीकडे सारखेच.

पहिला अभ्यास कोलोरॅडो राज्यातील हवाई दलाच्या अकादमीतला. तेथे कुणाला कोणते प्राध्यापक मिळणार, हे विद्यार्थ्याच्या हाती नसते. चिठ्ठ्या टाकाव्यात, तसे वाटप होते. परीक्षाही सर्वांची एकच. कॅरेल आणि वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. गणिताच्या पहिल्या अभ्यासक्रमात ज्यांच्या वर्गाला लगेच चांगले गुण मिळत, त्या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांचा शेराही चांगला मिळे. परंतु ज्यांचे विद्यार्थी पुढच्या, अधिक अवघड अभ्यासक्रमांत सरस ठरले, त्यांच्या वाट्याला मात्र कमी प्रतीचे शेरे आले होते. पाया खोल खणणारा गवंडी काम चालू असताना कुणाला आवडत नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा अभ्यास हार्वर्ड विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या वर्गांचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. एकच पाठ दोन रीतींनी शिकवला. एकीकडे ओघवते व्याख्यान. दुसरीकडे विद्यार्थ्यांनी लहान गटांत बसून स्वतः उदाहरणे सोडवायची. चाचणी घेतली तेव्हा स्वतः झगडणारे विद्यार्थी पुढे निघाले. पण 'आपण किती शिकलो असे वाटते,' असे विचारल्यावर व्याख्यान ऐकणारेच म्हणाले, आम्ही अधिक शिकलो! व्याख्यान ऐकताना सारे सोपे वाटते; स्वतः गणित सोडवताना घाम फुटतो. त्या घामालाच विद्यार्थी न शिकण्याची खूण समजतो. शिक्षकाला केवळ अशा शेऱ्यांच्या तराजूत घातले, तर तो हळूहळू सोपे शिकवू लागेल, आणि त्याचे नुकसान शेवटी विद्यार्थ्यालाच सोसावे लागेल.

मग यातून वाट कोणती? टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे २००१ साली कम्युनिटी कॉलेजांसाठी एक पाहणी सुरू झाली. तीत 'आवडले का' यापेक्षा 'काय काय केलेत' यावर भर होता. वर्गात प्रश्न किती वेळा विचारलात? निबंध देण्यापूर्वी किती वेळा नव्याने लिहून काढलात? तयारी न करता किती वेळा आलात? या प्रश्नांना मताने उत्तर देता येत नाही, घडलेलेच सांगावे लागते.

श्रोतेहो, आणखी एक गोष्ट आहे, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. समाधानाचा कागद आपण भरून घेतो केव्हा? वर्षाच्या शेवटी. आणि भरतो कोण? जो टिकला तो! जो दिवाळीनंतर आलाच नाही, त्याचे मत त्या कागदावर नसते. अमेरिकेतही हा घोटाळा झाला. १९९० च्या कायद्याप्रमाणे कॉलेजांनी जो पूर्णतेचा आकडा जाहीर करायचा, तो पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या, पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तीन वर्षांची मुदत. म्हणजे अर्धवेळ शिकणारे त्या आकड्यात नाहीत! ज्यांच्यासाठी ही कॉलेजे निघाली, तेच हिशेबाबाहेर राहिले. २०१५-१६ पासून सरकारने अर्धवेळ विद्यार्थ्यांचीही माहिती गोळा करायला आरंभ केला, आणि आठ वर्षांपर्यंत त्यांचे काय झाले ते पाहण्याची सोय केली.

आपल्याकडे या बाबतीत 'असर' या पाहणीने चांगला धडा घालून दिला आहे. 'प्रथम' या संस्थेने २००५ साली ती सुरू केली. कार्यकर्ते खेड्यांत जाऊन मुलाला दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देतात आणि साधी वजाबाकी, भागाकार करायला सांगतात. पण हे सारे शाळेत न करता घरोघरी करतात, कारण त्या दिवशी गैरहजर असलेले मूल, शाळा सोडलेले मूल घरीच भेटायचे.

तेव्हा शिक्षक मित्रांनो, आपली संस्था लहान असली, तरी चार गोष्टी बिनखर्चात करता येतील. प्रत्येक वर्गात शेवटी विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे, ते पाच वाक्यांत फळ्यावर लिहा. पहिल्या आठवड्यात आणि शेवटच्या आठवड्यात तेच काम करायला देऊन फरक टिपा. समाधानाचा कागद नावाशिवाय, आणि वर्षाच्या मध्यावरच भरून घ्या, म्हणजे सुधारणेला अवधी राहील. आणि त्यातून काय बदलले, ते विद्यार्थ्यांना सांगा, नाहीतर पुढच्या खेपेला ते खरे लिहिणार नाहीत. चौथी गोष्ट म्हणजे सोडून गेलेल्याला फोन करा, जमल्यास त्याच्या घरी जा.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. कॉलेजच्या फलकावर शंभर टक्के निकाल वाचलात, की कार्यालयात जाऊन नम्रपणे विचारा, "साहेब, जूनमध्ये नावे किती होती, आणि परीक्षेला किती बसले?" या दोन आकड्यांत जे अंतर असेल, तेवढी मुले पंचक्रोशीतल्या कुणाच्या तरी घरची आहेत. त्यांची नावे मागून घ्या, आणि ती परत कशी येतील याचा विचार शिक्षकांबरोबर बसून करा.