थांबलेला देव आणि खोळंबलेली माणसे



देव सहनशील आहे, असे ख्रिस्ती माणूस लहानपणापासून ऐकतो, आणि त्याच सहनशीलतेचा गैरफायदाही घेतो. पाप केले, काही बिघडले नाही. पुन्हा केले, तरी पीकपाणी ठीक, घरात सगळे सुखरूप. मग मन ठरवून टाकते की देवाला हे चालते. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल याच समजुतीला हात घालतो. माणसाने वळावे म्हणून देव थांबलेला असतो. जो वळत नाही, तो स्वतःसाठीच क्रोध साठवत राहतो. आणि हे पौल सांगतो ते इतरांना पापी ठरवणाऱ्या धार्मिक माणसाला. म्हणजे मंदिरात पुढच्या बाकावर बसणाऱ्या आपल्याला.

धार्मिक असूनही वळणे बाकी असू शकते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. त्याला आणखी काही वर्षे लागली. एवढी विदुषी हे कबूल करते, याचे मला फार मोल वाटते. 1905 साली त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, मोठ्याने आपली पापे कबूल करू लागल्या, त्या मुलीही रोज प्रार्थना करणाऱ्याच होत्या.

पण मला आज मुख्यतः फेलिक्सबद्दल बोलायचे आहे. प्रेषितांची कृत्ये, चोविसावा अध्याय. फेलिक्स हा रोमन सुभेदार, आणि पौल कैसरियात त्याच्या कैदेत. फेलिक्स पत्नी द्रुसिल्लेसह त्याचे बोलणे ऐकायला बसतो. न्याय, संयम आणि येणारा निवाडा यांवर पौल बोलू लागतो तसा सुभेदार घाबरतो. त्याला समजलेले असते. तरी तो सांगतो की आता जा, सवड झाली की बोलावीन. बोलावतोही, अनेकदा, कारण कैद्याकडून पैसे सुटतील अशी आशा असते. अशी दोन वर्षे जातात. मग फेस्त त्याच्या जागी येतो, आणि फेलिक्स यहुद्यांना खूश ठेवण्यासाठी पौलाला बेड्यांतच सोडून जातो.

या गोष्टीवरचे उपदेश मी पुष्कळ ऐकले. सगळ्यांत फेलिक्सच्या आत्म्याची काळजी होती. पौलाच्या दोन वर्षांचे काय? पश्चात्ताप लांबला फेलिक्सचा आणि तुरुंगात राहिला पौल. देवाच्या सहनशीलतेवर विसंबून आपण उद्यावर ढकलतो, तेव्हा ज्याचे आपण वाईट केले तोही त्या उद्यापर्यंत खोळंबून राहतो. देवाने मुदत दिली म्हणून ज्याचे वाईट केले त्याने ती दिलेली नसते.

आपल्या साक्री तालुक्यातून, नंदुरबारकडून किती कुटुंबे उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात, हे पिंपळनेरला मी सांगायला नको. परत आल्यावर हिशेबात मुकादमाने एखाद्या कुटुंबाचे चारशे रुपये दाबले आणि तो रविवारी मंदिरात क्षमेची प्रार्थना करून घरी गेला, तर त्याला हलके वाटेल. त्या कुटुंबाच्या घरी मात्र चारशे रुपये कमीच राहतील. कापणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाचे पत्र सांगते. म्हणजे देव पाप्यासाठी थांबलेला असतो तेव्हा त्याच्या कानांवर ही ओरड सतत पडत असते. त्याच्या थांबण्याला आपण स्वस्त समजतो, ते ही ओरड आपल्याला ऐकू येत नाही म्हणून.

कोणी म्हणेल, वधस्तंभावरच्या चोराला तर शेवटच्या घटकेला क्षमा मिळाली. मिळाली, आणि ती खरी. पण त्याचे हात खिळलेले होते. कोणाचे काही परत करणे त्याच्या हाती उरले नव्हते. आपले हात मोकळे आहेत. यरीहोचा जकातदार जक्कय याचेही मोकळे होते. येशू घरी आला तेव्हा त्याने उभे राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट.