तक्त्याच्या तळाची ओळ
(दिल्लीतील मराठी मंडळींच्या हेमंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



विषय जाहीर झाल्यावर थोडी चुळबुळ झाली, असे कानावर आले. नमाजाच्या वेळा कशा ठरतात, हे मराठी व्याख्यानमालेत कशाला? याचे उत्तर शेवटी देणार होतो, ते आताच देतो. मार्गशीर्षातली संकष्टी घ्या. मुंबईचा चंद्रोदय पाहून आपण दिल्लीत उपास सोडायला बसलो, तर अर्ध्या तासाच्या आसपास उगाच उपाशी राहतो. इथे चंद्र केव्हाच वर आलेला असतो. (हशा) पहिल्या रांगेतल्या काकूंनी मान डोलावली, म्हणजे हा प्रश्न आपल्या घरचाच आहे. आकाशावरून ठरणारी वेळ गावागणिक बदलते. ती कोणत्या गावची आणि कोणत्या नियमाने काढलेली, हे छापणाऱ्याने सांगितलेच पाहिजे, एवढे पटवायला मी आज उभा आहे.

पाच नमाजांची नावे तुम्हाला ठाऊक आहेत, त्यात वेळ घालवत नाही. दिल्लीच्या कुठल्याही मशिदीत शिरा, भिंतीवर घड्याळांच्या चित्रांचा फलक दिसतो. त्या जमातच्या वेळा, म्हणजे मंडळी एकत्र उभी राहण्याच्या. त्या मशिदीची समिती सोयीने ठरवते. त्यामागे खरा वक्त, म्हणजे नमाजाचा मूळ काळ असतो, आणि तो सूर्याकडे पाहिल्याशिवाय कळत नाही. सूर्यबिंब मावळले की मगरिब. माथ्यावरून ढळले की जोहर.

पण माथ्यावर केव्हा? आपल्या मनगटावरची वेळ ही मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाची. दिल्ली त्याच्या पश्चिमेला, म्हणून इथली खरी दुपार सरासरी १२ वाजून २१ मिनिटांनी होते. तीही स्थिर नाही. फेब्रुवारीच्या मध्यावर १२:३५, नोव्हेंबरच्या आरंभी १२:०५. मेरठला दिल्लीच्या दोन मिनिटे आधी, रोहतकला दोन मिनिटांहून थोडी उशिरा.

ही दिल्लीची स्वतःची वेळ दाखवणारी इमारत इथून फार लांब नाही. जंतरमंतर. सवाई जयसिंहांनी बादशहा मुहम्मदशाहाच्या काळात, १७२४ च्या सुमारास ते उभारले, आणि आपली खगोलसारणी बादशहाच्या नावे करून तिला ‘झीज-इ-मुहम्मदशाही’ म्हटले. तिथल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत दिल्लीच्या अक्षांशाएवढ्या कोनात चढते आणि तिची सावली स्थानिक वेळ सांगते. आता जयसिंहांच्या दरबारातल्या एका माणसाबद्दल बोलू द्या. अध्यक्षमहाराज, दोनच मिनिटे.

त्यांचे नाव जगन्नाथ सम्राट. घराणे मूळचे महाराष्ट्रातले, वैदिकाचे. अरबी-फारसी शिकले. नसीरुद्दीन तूसीने अरबीत सिद्ध केलेला टॉलेमीचा महाग्रंथ त्यांनी संस्कृतात आणला, तो ‘सम्राटसिद्धान्त’. युक्लिडची भूमिती आणली, ती ‘रेखागणित’. म्हणजे ग्रीकाचा ग्रंथ, इराणी पंडिताची अरबी, मराठी घराण्यातल्या ब्राह्मणाचे संस्कृत, रजपूत राजाचा पैसा आणि मुघल बादशहाचे नाव! आपल्या किती मुलांना जगन्नाथांचे नाव माहीत आहे? शाळेच्या सहली जंतरमंतरला जातात, मुले फोटो काढतात, आणि परत येतात. याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि जगन्नाथ पहिले नव्हेत. त्यांच्या साडेतीनशे वर्षे आधी, याच दिल्लीत, फिरोजशहा तुघलकाच्या आश्रयाने महेंद्रसूरी या जैन आचार्यांनी ‘यंत्रराज’ लिहिला. यंत्रराज म्हणजे अॅस्ट्रोलेब, सूर्य-ताऱ्यांची उंची मोजून वेळ काढण्याचे यंत्र. त्याच्यावरचा हा संस्कृतातला पहिला ग्रंथ. साल १३७०. पुढच्याच वर्षी दमास्कसच्या उमय्यद मशिदीत इब्न अल-शातिर आपली प्रसिद्ध छायाघटिका बसवत होता. तो त्या मशिदीचा मुवक्कित, नमाजाच्या वेळा काढण्यासाठीच नेमलेला ज्योतिर्विद. इकडे फिरोजशहाने दिल्लीतल्या आपल्या फिरोजाबादेत ‘तास-घडियाल’ लावले, पाण्यात बुडणाऱ्या घटिकापात्रावर चालणारे. त्याचा इतिहासकार अफीफ या घडियालाचे फायदे सांगतो, त्यात ढगाळ दिवशी नमाजाची वेळ कळणे हाही आहे.

चिठ्ठी आली. दहा मिनिटे उरली, आणि असर, म्हणजे तिसऱ्या प्रहरची नमाज, अजून राहिलाच आहे. पहाट थोडक्यात सांगेन.

असरची वेळ सावलीवर आहे. काठी रोवा आणि दुपारची सर्वांत आखूड सावली मोजा. दिल्लीत २१ जूनला मीटरभर काठीची ती सावली फक्त ९ सेंटिमीटर असते, २१ डिसेंबरला १ मीटर २८. मुंबईत मे आणि जुलैमध्ये एकेक दिवस ती नाहीशी होते, दिल्लीत कधीच नाही, कारण आपण कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहोत. त्या मूळ सावलीत काठीची एक लांबी मिळवली की शाफिईंचा असर सुरू होतो, दोन लांबी मिळवल्या की हनफींचा; हे सुन्नी धर्मशास्त्राचे दोन संप्रदाय. दिल्लीचा मुसलमान बहुतांशी हनफी. आपला कोकणी मुसलमान, रत्नागिरी-रायगडचा, शाफिई. तो जूनमध्ये दिल्लीत आला, तर त्याच्या हिशेबाने असर ३:५५ ला लागतो आणि इथली अजान सव्वापाचनंतर ऐकू येते. डिसेंबरात हाच फरक पाऊण तासाच्या आत येतो. दोघेही बरोबर आहेत, कारण दोघांचा नियम उघड आहे आणि काठी कोणालाही रोवता येते.

मागून कोणी विचारते आहे की, मोबाइलवर सगळे मिळते, मग हा खटाटोप कशाला? मिळते, मान्य. पण पहाटेचे पाहा. आधी क्षितिजावर उभा, फसवा उजेड येतो, ती सुब्ह काझिब. मग आडवी पसरणारी खरी पहाट, सुब्ह सादिक. फजरचा, म्हणजे पहाटेच्या नमाजाचा वक्त तिच्यापासून, आणि रोजा धरणाऱ्याने खाणेपिणे थांबवायचे तेही तिच्यापासूनच. ती गणितात धरताना सूर्य क्षितिजाखाली किती अंश मानायचा? कराचीच्या पद्धतीत १८, उत्तर अमेरिकेतल्या एका पद्धतीत १५. जूनमध्ये दिल्लीत १८ ने ३:५० येतात, १५ ने ४:०७. एका घरातले दोन मोबाइल सतरा मिनिटांच्या अंतराने पहाट सांगतात, आणि सेटिंगमध्ये खोल शिरल्याशिवाय कारण कळत नाही. दिल्लीच्या धुरक्यात पहाट डोळ्यांनी पडताळणेही आता अवघड झाले आहे. इशाचा, म्हणजे रात्रीच्या नमाजाचाही असाच वाद आहे, पश्चिमेची लाली संपल्यावर की त्यानंतरचा पांढुरका उजेडही गेल्यावर. त्यात आज शिरत नाही.

असे वाद आपल्याला नवे नाहीत. टिळक पंचांगाचा इतिहास या सभागृहाला मी सांगायला नको. अयनांश कोणता धरायचा, म्हणजे राशीचक्राचा आरंभ वसंतसंपातापासून किती अंशांवर मानायचा, यावर आपली विद्वान माणसे भांडली, आणि त्यापायी टिळक पंचांगातले सण इतर पंचांगांपेक्षा कधीकधी महिनाभर पुढेमागे होतात. पण ते भांडण छापील पानावर झाले, आपला नियम मांडून झाले. म्हणून आज कोणीही ते तपासू शकतो.

दुसरी चिठ्ठी आली. संपवतो.

माझी मागणी साधी आहे. जंत्री छापणाऱ्यांनी, मशिदींच्या समित्यांनी, मोबाइलवर वेळा देणाऱ्यांनी तक्त्याच्या तळाशी एक ओळ छापावी: कोणत्या गावच्या अक्षांश-रेखांशावर, पहाटेला किती अंश, असरला एक सावली की दोन, आणि सावधगिरीची मिनिटे किती मिळवली. हीच मागणी आपल्या दिनदर्शिका आणि पंचांगे छापणाऱ्यांकडेही आहे. आणि आपल्या मंडळाला विनंती, की पुढच्या वर्षीची दिनदर्शिका काढाल तेव्हा संकष्टीचा चंद्रोदय दिल्लीचा छापा, आणि तो कसा काढला तेही खाली लिहा.