शिबिर कोणाच्या आरोग्याचे?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कारखान्यांत आणि कचेऱ्यांत अलीकडे ‘आरोग्य दिन’ साजरा करण्याची रीत पडली आहे. २०१५ पासून २१ जूनच्या योगदिनाचे निमित्त आयते मिळते. ४ मार्चचा राष्ट्रीय सुरक्षा दिन त्याहून जुना. मंडप पडतो, फलक लागतो, रक्तदाब व साखर तपासण्याची टेबले मांडली जातात. या साऱ्याची जुळवाजुळव बहुधा एखाद्या प्रशिक्षणार्थी मुलीकडे सोपवलेली असते. ती समाजकार्याच्या महाविद्यालयातून क्षेत्रकार्यासाठी आलेली असते, किंवा २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून दरमहा सहा, आठ किंवा दहा हजारांच्या विद्यावेतनावर लागलेली. डॉक्टरांची वेळ, पाळीवार याद्या, बिस्किटांचे पुडे, छायाचित्रकार, सारे तिनेच पाहायचे.

या मुलीला हसण्याचे कारण नाही. याद्या करतानाच तिच्या ध्यानात येते की कंत्राटी कामगारांची नावे त्यांत नाहीत. रात्रपाळीच्या माणसाला सकाळी अकराला बोलावले आहे. म्हणजे त्याची झोप मोडून त्याला झोपेचे महत्त्व सांगायचे!

अशा शिबिरात काय तपासले जाते यापेक्षा काय तपासले जात नाही, हे पाहणे अधिक उद्बोधक असते. वजन, साखर, रक्तदाब यांचा दोष कामगाराच्या जिभेवर, आळसावर, तंबाखूवर टाकता येतो. कानांची तपासणी क्वचितच होते. वर्षानुवर्षे गोंगाटात राबणाऱ्याचे कान प्रथम उंच स्वरांना बधिर होतात. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास आलेखात खाच पडते. समोरच्याचे बोलणे ऐकू येत असल्यामुळे त्याला स्वतःला पत्ता लागत नाही. आलेख काढला की बोट यंत्राकडे जाते. सूतगिरणीतील कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची खूण अशी की सुटीनंतर कामावर परतल्या दिवशी छाती आवळते. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत हे दोन्ही विकार आलेले होते, आणि अशा रोगांची खबर सरकारी अधिकाऱ्यांना देण्याचे बंधन व्यवस्थापनावर आणि डॉक्टरांवर होते. साखरेच्या आकड्याने असे कोणतेही बंधन येत नाही. कोणते टेबल मांडायचे, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

१८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वतीने जे मागितले, तेही आरोग्यच होते: रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, जखमी झाल्यास भरपाई. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. त्या मागण्या गिरणीच्या वेळापत्रकाला भिडणाऱ्या होत्या. कामगाराने श्वास कसा घ्यावा, याचा त्यांत उपदेश नव्हता.

प्रशिक्षणार्थीला कामगार न मानण्याची वहिवाटही जुनीच. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने त्याला ‘कामगार नव्हे’ असे म्हटले; तथापि कारखाने कायद्यातील आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी त्यालाही लागू केल्या. इतरांच्या आरोग्यासाठी दिवसभर उभ्या असलेल्या त्या मुलीला बसायला स्टूल आहे की नाही, हा प्रश्न म्हणूनच गैरलागू नव्हे.

आपले कार्यकर्ते अशा शिबिरावर एकतर बहिष्कार घालतात, नाहीतर छायाचित्रापुरते उभे राहतात. दोन्ही सोपे आहे. त्याऐवजी आठवडाभर आधी त्या मुलीजवळ बसून यादी पाहावी. ती स्वतः काही ठरवू शकत नाही, पण लेखी मागणी वर पोचवू शकते. कंत्राटी कामगारांची नावे घालायला लावावीत. रात्रपाळी सुटताना एक वेळ मागावी. जेथे प्रेस चालतात तेथे कानांच्या तपासणीचा आग्रह धरावा. कामगार दुखणे लपवतो, कारण ‘अपात्र’ असा शिक्का बसला तर चूल विझेल ही त्याची भीती खोटी नसते. तेव्हा निकाल मराठीत लिहून त्याच्याच हाती मिळावा. नोकरभरती कचेरीकडे जावा तो केवळ विभागवार आकडा, नावाविना. किती जणांना कमी ऐकू येते आणि ते कोणत्या विभागातले, एवढे संघटनेला कळले तरी पुढच्या वाटाघाटींत ते उपयोगी पडते.

हे कागद कोणाकडे राहणार, ते शिबिराच्या आदल्या दिवशीच लेखी ठरवून घ्यावे. दुसऱ्या दिवशी मंडप उतरलेला असतो, आणि त्या मुलीची मुदतही पुष्कळदा संपत आलेली असते.